टाचेतून निघालेला ठोसा

कृष्णाकाठच्या गावाला आपला पैलवान विसरता येत नाही. तो गेल्यावरही त्याची तालीम जागेवर असते, जत्रेतलं मैदान त्याच्या नावानं भरतं, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांत एक तरी असा निघतो, ज्यानं त्याची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली असते. मग ती कुस्ती सांगितली जाते. पट कसा काढला, ढाक कुठल्या अंगानं लावली, पाठीला माती लागली तेव्हा हलगी कशी कडाडली. सांगणारा बसल्या जागी खांदा वळवून दाखवतो. कवठेपिरानला मारुती माने असे जिवंत आहेत, शिराळ्याकडच्या पुनवतला गणपतराव आंदळकर, आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला खाशाबा जाधव.

बॉक्सरच्या वाट्याला हे येत नाही. त्याच्या लढती लांबच्या छावण्यांमध्ये होतात. त्या पाहणारे जवान कुणी पंजाबचे, कुणी गढवालचे, कुणी तमिळ मुलखातले. नोकरी संपवून ते आपापल्या गावी निघून जातात आणि लढती बरोबर घेऊन जातात. गावाकडे त्याचा एकही ठोसा कुणी पाहिलेला नसतो. जत्रेत त्याच्या खेळाचं मैदान भरत नाही, त्याला फेटा बांधला जात नाही, त्याच्या जोडीची चर्चा आठवडाभर आधीपासून रंगत नाही. असा एक बॉक्सर आपल्याकडे होऊन गेला. त्या माणसाचं नाव पुढे मोठं झालं, पार पद्मश्रीपर्यंत गेलं. पण त्याच्यातला बॉक्सर वयाच्या विसाव्या वर्षी संपला. त्या बॉक्सरविषयी मला लिहायचं आहे.

मुरलीकांत राजाराम पेटकर. जन्म १ नोव्हेंबर १९४४, गाव पेठ. पुण्याहून कोल्हापूरकडे निघालं की कऱ्हाड मागे टाकल्यावर जिथे इस्लामपूर, आष्टा, सांगलीचा रस्ता डावीकडे फुटतो, तो पेठ नाका प्रवाशांच्या तोंडात असतो. गावात शिरणारे कमी, नाक्यावर गाडी बदलणारे जास्त. १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यात या गावच्या माणसानं पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. वेळ ३७.३३ सेकंद, आणि तो जागतिक विक्रम होता. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हणून आपण अभिनव बिंद्राचं २००८ सालचं पदक सांगतो. ऑलिम्पिकपुरतं ते बरोबरच आहे. पॅरालिम्पिकही मोजलं तर त्याच्या छत्तीस वर्षं आधी पेठचं नाव लागलेलं आहे.

हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. २०२४ च्या जूनमध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला, कार्तिक आर्यननं त्यांची भूमिका केली, आणि सांगली-साताऱ्याच्या घराघरांत ‘हे आपलेच की’ असं एकदम सगळ्यांना आठवलं. मला त्याचा आनंद आहे. तरीही पोहणाऱ्या पेटकरांच्या मागे एक सडपातळ, चपळ, हातमोजे घातलेला पोरगा उभा आहे, त्याच्याकडे बघायला आपण फारसे थांबलो नाही, असं मला सारखं वाटत राहिलं.

पेटकर जन्मले तेव्हा पेठ सातारा जिल्ह्यात होतं. सांगली नावाचा जिल्हा अजून व्हायचा होता. १९४९ साली साताऱ्यातून काही तालुके काढून आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे खाशाबांचं गोळेश्वर आणि पेटकरांचं पेठ एकाच जिल्ह्यातली गावं. आज त्यांच्यामध्ये जिल्ह्याची हद्द आहे, पण रस्ता पाऊण तासाचाच. आणि १९४४ चा सातारा म्हणजे प्रतिसरकारचा सातारा. क्रांतिसिंह नाना पाटील पेठच्याच वाळवे तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली तर ती पोलिसांची असेल किंवा भूमिगतांची, अशा दिवसांत हा मुलगा जन्माला आला.

या मुलखात गरिबाघरच्या अंगापिंडानं बऱ्या पोराला दोनच वाटा दिसत. एक तालमीची, दुसरी पलटणीची. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. माण-खटावच्या कोरड्या रानातून, वाळवे-शिराळ्याच्या डोंगरकडेनं पोरं पिढ्यान्‌पिढ्या भरतीला गेली. घरात एक फोटो असायचा, टोपी थोडी तिरपी, छाती पुढे. पेटकरांनी या दोन्ही वाटा तुडवल्या. आधी तालीम, मग पलटण.

तालीम हे त्या काळात काय प्रकरण होतं ते समजायला १९५२ साल आठवावं लागतं. हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मुरलीकांत तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. चित्रपटात ती मिरवणूक दाखवली आहे आणि लहानगा मुरली ती डोळे फाडून बघतो. पण मला त्या मिरवणुकीचा आवाज जास्त खरा वाटतो. तो पाऊण तासाच्या अंतरावरच्या सगळ्या गावांत पोहोचला असणार. त्या वर्षी कऱ्हाड-वाळव्याच्या तालमींत किती नवी लंगोटं वाळत पडली असतील, याची मी मनाशी कल्पना करतो.

लहान मुरलीनंही माती अंगाला लावली. मुलाखतींमधून त्यांनी सांगितलेली हकीगत अशी की गावातल्या वजनदार घरच्या पोराला त्यांनी चीत केलं, त्यावरून प्रकरण पेटलं, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून पोरानं गाव सोडलं. पुढे लष्कराच्या मुलांच्या पलटणीत त्यांची भरती झाली. हे ऐकताना मला त्या जिंकलेल्या कुस्तीचं वाईट वाटतं. जिंकल्यावर पैलवान हौद्याला एक चक्कर मारतो, लोक त्याच्या मुठीत रुपया-दोन रुपये कोंबतात, वस्तादाच्या पाया पडून तो मातीतून बाहेर येतो. या पोराला ती चक्कर नीट मिळाली नसणार.

मीही लहानपणी तालमीत गेलोय, फार काही जमलं नाही तरी. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असायची. भल्या पहाटे ती फावड्यानं उकरायची, हा जोर-बैठकांच्या आधीचा व्यायाम. मातीला एक आंबूस गार वास यायचा. वस्ताद जे शिकवायचे त्याची सुरुवात हातात यायची. मनगट धर. मानेवर हात टाक. पकड सोडू नको. समोरच्याचा घाम आणि तुझा घाम एक झाला तरी पकड सोडू नको. कुस्तीत दोन माणसं एकमेकांना इतकी लगटून असतात की समोरच्याचा श्वास कुठे अडकला हे आपल्याला छातीला कळतं. हाताला त्याची सवय लागते. चार-पाच वर्षं तालीम केलेल्या पोराच्या हातांना मोकळं राहणं माहीत नसतं. ते सतत काहीतरी धरायला बघतात.

म्हणून मला बॉक्सिंगचं आश्चर्य वाटतं. बॉक्सिंग म्हणजे नेमकं याच्या उलटं. धरायचं नाही. दोघे एकमेकांना बिलगले की पंच ‘ब्रेक’ म्हणून ओरडतात आणि दोघांना एक पाऊल मागे यावं लागतं. पुन्हा पुन्हा धरलं तर ताकीद मिळते. मातीतून आलेल्या पोराला हे शिकणं किती जड गेलं असेल! त्याचे हात जे करायला आसुसलेले, तेवढंच तिथे चूक. पकड विसरायची, मूठ शिकायची. अंगाला अंग लावून लढणारानं एक हात अंतर राखून लढायला शिकायचं. पाठीला माती लावली की कुस्तीचा निकाल तिथेच, सगळ्यांच्या देखत लागतो. बॉक्सिंगमध्ये नऊ मिनिटं लढून झाल्यावर पंचांनी कागदावर काय लिहिलंय याची वाट बघत उभं राहायचं.

हे सगळं मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पलटणीत असताना ते बॉक्सिंग खेळलेले. एकदा गप्पांत विषय निघाला तर आत जाऊन त्यांनी सुती पट्टीचं भेंडोळं आणलं, चांगलं तीन-चार हात लांब. माझा उजवा हात पुढे घेतला. पट्टीच्या टोकाचा फास आधी अंगठ्यात अडकवला. मग मनगटाला तीन वेढे, घट्ट पण रक्त अडणार नाही इतके. मग तळहातावरून बोटांच्या पेरांवर, पेरं झाकली की परत अंगठ्याच्या बुडाशी, पुन्हा मनगट. प्रत्येक वेढ्याला ते म्हणायचे, ‘मूठ कर. सोड. कर.’ मूठ केली की पट्टी ताणली जायची आणि हात एकसंध झाल्यासारखा वाटायचा. बोटं वेगवेगळी राहिलीच नव्हती. मी कौतुकानं मुठीकडे बघत होतो, तर तात्यांनी माझ्या पायावर पायानंच टपली मारली.

‘मुठीकडं काय बघतोस? ठोसा मुठीत नसतो बाळ, टाचंत असतो. मागची टाच उचल, कंबर फिरव. मूठ आपोआप जाती.’

मी करून पाहिलं. खरोखर तसं होतं. उजव्या हाताचा सरळ ठोसा मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो. टाच उचलून बाहेर वळते, गुडघा आत येतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, आणि या सगळ्याच्या शेवटी मूठ. नुसत्या दंडानं मारलेला ठोसा समोरच्याला चापट मारल्यासारखा लागतो. डावा हात सतत पुढे टोचत राहतो, तोही पुढच्या पायाच्या एका छोट्या सरकण्यावर. वार चुकवायचा तर मान वाकवून भागत नाही, गुडघ्यातून खाली जावं लागतं. जुन्या बॉक्सरांना विचारा, ते समोरच्याच्या हातांपेक्षा पायांवर नजर ठेवतात. बॉक्सर पायांवर उभा असतो असं म्हणणं कमी पडेल, त्याची सगळी विद्याच पायांत असते.

पेटकर सैन्याच्या ईएमई दलात क्राफ्ट्समन होते. गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणारं हे दल. त्याचं मोठं केंद्र सिकंदराबादला. पेठचं पोरगं तिथे बॉक्सर झालं. भारतातलं बॉक्सिंग त्या काळात बहुतांशी सैन्याच्या छावण्यांमध्येच वाढत होतं. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला बॉक्सिंगचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे पदमबहादूर मल्ल सैन्यातले. १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं घेणारे हेवीवेट हवासिंग सैन्यातले. त्याच १९६२ च्या जकार्तात आपल्या मारुती माने आणि आंदळकरांनीही कुस्तीत सुवर्णं मिळवली होती, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य. म्हणजे एका बाजूला सांगलीचे पैलवान मातीतून गादीवर जाऊन आशिया जिंकत होते, आणि दुसऱ्या बाजूला सांगलीचाच एक पोरगा मातीतून रिंगेत चढला होता.

त्या वेळचं हौशी बॉक्सिंग कडक. डोक्याला संरक्षक टोप नसायचा, तो आला पुढे वीसेक वर्षांनी. अंगात गंजी, पायांत बूट, हातांत चामड्याचे मोजे. तीन मिनिटांची एक फेरी, अशा तीन. तीन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. हात सतत हनुवटीच्या उंचीवर धरून तीन मिनिटं नुसतं घरात फिरून बघावं; दुसऱ्या मिनिटाला खांदे जळायला लागतात. आणि त्यात समोर कोणीतरी तुम्हाला मारायला उभा आहे. श्वास सांभाळणं हीच तिथली खरी कमाई. घाबरून जो श्वास रोखतो तो दुसऱ्या फेरीत संपतो.

१९६४ साली टोकियोत आंतरराष्ट्रीय सेनादलांची क्रीडा स्पर्धा झाली, तिथे पेटकर भारताकडून बॉक्सिंग खेळायला गेले. एकोणीस-वीस वर्षांचं वय. त्याच वर्षी त्याच शहरात ऑलिम्पिकही झालं आणि आंदळकर तिथे कुस्ती लढले. एका जिल्ह्यातले दोन गडी, एकच शहर, एकच वर्ष. आंदळकरांच्या टोकियोची हकीगत गावोगावच्या तालमींना माहीत आहे. पेटकरांच्या टोकियोची नाही. ठोसे मारणाऱ्या त्या पोराचं वय, पायांतला वेग, नुकताच बाहेरचा देश बघून आलेला आत्मविश्वास, हे सगळं त्यांच्याविषयीच्या लिखाणात एका ओळीत मावलं आणि पुढे सरकलं. मला तिथेच थांबावंसं वाटतं. कारण बॉक्सर म्हणून त्याच्या हातात अजून एकच वर्ष उरलेलं होतं.

१९६५ चा सप्टेंबर. युद्ध सुरू झालेलं. पेटकरांची नेमणूक आघाडीच्या भागात. त्यांनीच सांगितलेलं आहे की शिट्टी वाजली, ती चहाची असं समजून जवान बाहेर आले, आणि ती हवाई हल्ल्याची होती. त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक मणक्यात बसली ती कायमची. कित्येक महिने ते शुद्धीवर नव्हते. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात जेव्हा त्यांना जाग आली तेव्हा कंबरेखालचं शरीर त्यांचं ऐकत नव्हतं.

तात्यांनी दाखवलेला ठोसा आठवतो तेव्हा मला या ठिकाणी पुढे वाचवत नाही. गोळीनं या माणसाचं नेमकं काय नेलं? टाच नेली. चवडा नेला, गुडघा नेला, कंबर नेली. जिथून ठोसा निघतो तो सगळा प्रदेश नेला आणि शेवटची मूठ तेवढी ठेवली. पैलवानाचं, धावपटूचं, कुठल्याही खेळाडूचं असं झालं तर दुःख तेवढंच. पण बॉक्सरच्या बाबतीत ते फार क्रूर वाटतं. हात शाबूत, मनगटं शाबूत, मूठ वळतेय, आणि तरीही तिच्यात ठोसा नाही. विसाव्या वर्षी. अजून एकवीस पूर्ण व्हायची होती.

आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात, जीव वाचला हे काय थोडं झालं. खरंच आहे ते. पण वाचलेल्या माणसाला आपल्या गेलेल्या पायांबरोबर आपली गेलेली विद्याही रोज दिसते. वीस वर्षांचा पोरगा पकड विसरून मूठ शिकला होता, माती सोडून दोरांच्या आत उभं राहायला शिकला होता. ते शिकणं कुठे ठेवायचं? हा प्रश्न त्यानं स्वतःला कसा विचारला असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

उत्तर पाण्यात मिळालं. अश्विनीत उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाण्यात वजन हलकं होतं, जमिनीवर ओझं होऊन पडलेलं शरीर तिथे तरंगतं. पण कंबरेखाली चेतना नसलेल्या माणसाचं पोहणं आपल्या पोहण्यासारखं नसतं. पाय मारता येत नाहीत. उलट ते खाली खेचतात, पाण्याचा विरोध वाढवतात. सगळं काम खांद्यांनी, छातीनं, पाठीनं आणि फुप्फुसांनी करायचं. एक हात लांब पुढे फेकायचा, खांदा त्याच्यामागे जाऊ द्यायचा, मग पाणी मागे ओढत हात परत आणायचा. तोंड फिरवून श्वास घ्यायचा तोही ठरलेल्या ठेक्यात. तात्या सांगायचे की ठोसा मारण्याइतकंच महत्त्व तो परत हनुवटीशी आणण्याला आहे. परत यायला उशीर झाला की तिथेच मार बसतो. पोहण्यात तर परत येणारा हातच माणसाला पुढे नेतो. सिकंदराबादच्या रिंगेत खांद्यांनी जी तीन-तीन मिनिटं सोसली, फुप्फुसांनी जो ठेका पकडला, तो सगळा या पाण्यात उतरला, असं माझं ठाम मत आहे. पायांनी शिकवलेलं गेलं. खांद्यांनी शिकवलेलं उरलं होतं.

इथे मला जगाच्या दुसऱ्या टोकाची एक तारीख आठवते. २९ जुलै १९४८. त्या दिवशी लंडनच्या ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, ज्यात आपले खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. त्याच दिवशी लंडनपासून थोड्या अंतरावर स्टोक मँडेव्हिल नावाच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी महायुद्धात मणक्याला जखम झालेल्या सोळा सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यात स्त्रियाही होत्या. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते. गुटमन यांना वाटायचं की असा रुग्ण पलंगावर पडून राहिला तर हळूहळू मरतो. त्याला खेळवलं पाहिजे. खाशाबांच्या ऑलिम्पिकचा दिवस आणि पेटकरांच्या पॅरालिम्पिकचं बी पेरलं गेलं तो दिवस एकच असावा, हा योगायोग खरा, पण गोळेश्वर आणि पेठ डोळ्यांसमोर आणलं की मला तो नुसता योगायोग वाटत नाही.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारत पहिल्यांदा उतरला. पेटकर त्या संघात होते, टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी त्यांनी पार केली. चार वर्षांनी हायडेलबर्ग. ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथलं खेळाडूंचं गाव नंतर घरांसाठी द्यायचं ठरल्यामुळे अपंगांच्या स्पर्धा हायडेलबर्गला हलवल्या गेल्या. परदेशी जायला पैशांची सोय हवी होती. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली. अपंगांच्या कामासाठी मर्चंट यांनी आयुष्यभर किती केलं हे क्रिकेटच्या धावसंख्येखाली झाकलं गेलंय, तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. घर गहाण ठेवणारे खर्डेकर आणि पेटकरांना मदत करणारे मर्चंट यांचं आपल्या पदकांवर ऋण आहे एवढं मात्र इथेच म्हणून ठेवतो.

मग ते पन्नास मीटर. ३७.३३ सेकंद. बॉक्सिंगच्या एका फेरीच्या चौथ्या भागाइतकाही हा वेळ नाही. वय सत्तावीस. आणि एवढ्यावर हा माणूस थांबला नाही. त्याच हायडेलबर्गच्या स्पर्धेत त्यानं भाला फेकला, अचूक भालाफेकीत भाग घेतला, चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला आणि तिन्हींत अंतिम फेरी गाठली. एका पदकानं ज्याची भूक भागत नाही असा हा गडी. पलटणीत बॉक्सर होता म्हणून मला याचं नवल वाटत नाही. रिंगेत एक लढत जिंकली की दुसऱ्या दिवशी पुढची असते. हातमोजे वाळायच्या आत परत घालायचे असतात.

परत आल्यावर मात्र खाशाबांसारखी मिरवणूक निघाली नाही. पुण्याला टेल्कोत नोकरी, रोजचं कामावर जाणं, संसार. वर्षं गेली. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला आणि अपंगत्वाचं कारण सांगून तो नाकारला गेला, असं त्यांनी पुढे सांगितलं. बॉक्सिंगचा सराव सोडून किती वर्षं झाली असतील तेव्हा! तरी तो नकार त्यांना ज्या जागी लागला असेल ती जागा मला ओळखीची वाटते. रिंगेत ठोसा लागतो तो दिसतो तरी. २०१८ साली पद्मश्री मिळाली, त्र्याहत्तराव्या वर्षी. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव मिळाला तेव्हा ऐंशी पूर्ण झालेली होती. त्या वर्षीच्या जीवनगौरवाच्या यादीत दोन नावं होती: सुच्चा सिंग, खेळ अ‍ॅथलेटिक्स; मुरलीकांत राजाराम पेटकर, खेळ पॅरा-जलतरण. यादीनं बरोबरच लिहिलं. ज्या खेळात पदक आलं तोच खेळ लिहितात.

पण पदक न आलेला खेळही माणसाचाच असतो. मी हे हट्टानं म्हणतो, कारण सांगली-साताऱ्यात अशी माणसं खूप आहेत. पलटणीच्या हॉकी संघात खेळलेले, छावणीच्या शर्यतींत पळालेले, दोन-तीन वर्षं बॉक्सिंग करून मग सीमेवर गेलेले. त्यांच्या घरात एखादा वाकडा झालेला कप असतो, त्यावरची अक्षरं पुसली गेलेली असतात, आणि नातवंडं त्यात पेन ठेवतात. पेटकरांच्या निमित्तानं निदान एका बॉक्सरची वर्षं आपल्याला नीट पाहता येतात. चित्रपटानं रिंग दाखवली, ठोसे दाखवले, हे फार बरं केलं. आमच्याकडच्या कित्येक पोरांनी बॉक्सिंग म्हणजे काय ते आपल्या मुलखातल्या माणसाच्या अंगावर पहिल्यांदा पाहिलं.

जिल्ह्याचा वारसाही थांबलेला नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्यपदक घेतलं, १६.३२ मीटर. करगणी हा सांगलीचा दुष्काळी टोकाचा भाग, पेठ कृष्णेच्या खोऱ्यातलं. त्या रात्री आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर तो गोळा पुन्हा पुन्हा पडत होता, आणि बोलता बोलता लोक आपोआप पेटकरांवर येत होते. त्यांचं हायडेलबर्ग सांगितलं जात होतं, त्यांचे ३७ सेकंद सांगितले जात होते. टोकियो कुणी सांगितलं नाही, म्हणून मग मी सांगितलं.

पेठला त्यांच्या नावानं पोहण्याचा तलाव व्हावा असं कुणी सुचवलं तर त्याला माझा हात वर आहे. चाकाची खुर्ची थेट पाण्यापर्यंत नेता येईल असा उतार त्याला हवा, नाहीतर त्यांच्या नावाचा उपयोग काय! पण तलावाशेजारी एक बॉक्सिंगची रिंगही बांधावी. फार खर्च नाही. लाकडी चौथरा, वर जाड गादी आणि कॅनव्हास, चार खांब, दोर, टांगायला दोन पिशव्या. वाळव्यातून, शिराळ्यातून, कऱ्हाडकडून पोरं-पोरी येतील. पहिल्या दिवशी पट्टी कशी बांधायची ते शिकवायला निवृत्त सुभेदार आणि हवालदार दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव बसलेले आहेत, त्यांना फक्त कुणीतरी बोलवायला हवं.